इंडेक्सचं वय कुठून मोजायचं: किबानामधली लाइफसायकल पॉलिसी हातानं तपासताना

पॉलिसी सेव्ह केली, स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी सूचना आली, आणि टेस्ट केससमोर आम्ही ‘पास’ लिहून टाकलं. माझ्या सुरुवातीच्या एका प्रोजेक्टवर तपासणी म्हणजे एवढीच होती. काही आठवड्यांनी एका सकाळी लॉग यायचे बंद झाले. डिस्क ९५ टक्क्यांच्या पुढे गेली होती आणि लॉग साठवून शोधून देणाऱ्या इलॅस्टिकसर्चनं त्याच्या नियमाप्रमाणे इंडेक्सवर (डेटाच्या ज्या गठ्ठ्यात लॉग साठतात त्यावर) लिहिणं थांबवलं होतं. जुना डेटा पुसणारी पॉलिसी जागच्या जागी होती, पण ती एकाही जुन्या इंडेक्सला लागलेली नव्हती. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या इंडेक्सच्या साच्यात, पॉलिसी जोडली की ती त्यानंतर तयार होणाऱ्या इंडेक्सना लागते, आधीच्यांना नाही. ही गोष्ट आमच्यापैकी कोणी तपासलीच नव्हती.

म्हणून हे काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे. इलॅस्टिकसर्च, त्याचा पडदा म्हणजे किबाना, आणि त्यातलं इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे आयएलएम: इंडेक्स जुना होत जाईल तसं त्याचं काय करायचं ते पॉलिसीप्रमाणे आपोआप करणारी सोय. ही सोय २०१९ च्या जानेवारीत ६.६ या आवृत्तीत आली. २०२१ मध्ये वेगळ्या झालेल्या ओपनसर्चमध्ये याच कामाला इंडेक्स स्टेट मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याची रचना वेगळी आहे, त्यामुळे खालच्या पायऱ्या तिथे जशाच्या तशा चालणार नाहीत. मेनू आणि सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत करायची.

आधी घड्याळं ओळखा

आयएलएममध्ये इंडेक्स पाच टप्प्यांतून जाऊ शकतो: हॉट, वॉर्म, कोल्ड, फ्रोझन आणि डिलीट. हॉटमध्ये लिहिणं चालू असतं, पुढे डेटा जुना होत जातो आणि डिलीटमध्ये पुसला जातो. हॉट नेहमी असतोच, बाकीचे लागतील तसे जोडायचे. हे सगळे सांगतात. पण टेस्टरला त्याहून जास्त गरज असते ती कोणतं घड्याळ कुठे चालतं हे कळण्याची, कारण या फीचरमध्ये तपासायची मुख्य गोष्ट वेळ हीच आहे.

पहिलं घड्याळ डॉक्युमेंटचं (डॉक्युमेंट म्हणजे इंडेक्समधली एक नोंद), म्हणजे त्यातला टाइमस्टॅम्प. आयएलएम त्याच्याकडे बघत नाही. दोन वर्षांपूर्वीचा टाइमस्टॅम्प असलेलं डॉक्युमेंट आज घातलं तर ते आजच्या इंडेक्समध्ये जातं आणि त्या इंडेक्सबरोबरच म्हातारं होतं.

दुसरं घड्याळ इंडेक्स तयार झाल्याच्या वेळेचं. तिसरं रोलओव्हरचं, म्हणजे लिहिण्यासाठी नवा इंडेक्स उघडून जुना बाजूला ठेवला ती वेळ. रोलओव्हर झाला की इंडेक्सचं वय त्या क्षणापासून मोजलं जातं, जन्मापासून नाही. नवे लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात.

चौथं घड्याळ स्वतः आयएलएमचं. ते सतत पाहत बसत नाही, ठरावीक वेळानं फेरी मारतं. ही फेरी मुळात दर १० मिनिटांनी होते. तुम्ही ‘१ मिनिटानंतर वॉर्म’ असं लिहिलंत आणि नऊ मिनिटं काहीच हललं नाही, तर तो बग नाही.

याचा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो ते बघा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे भारतातल्या संस्थांना आपल्या आयसीटी (माहिती व संपर्क तंत्रज्ञान) सिस्टिम्सचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. समजा पॉलिसीत रोलओव्हर ३० दिवसांनी आणि डिलीट १८० दिवसांनी आहे. इंडेक्समध्ये पहिल्या दिवशी आलेलं डॉक्युमेंट सुमारे २१० दिवस राहील आणि शेवटच्या दिवशी आलेलं १८०. डेटा कमीत कमी किती दिवस राहावा असा नियम असेल तर हे चालतं. पण ‘अमुक दिवसांनंतर ग्राहकाची माहिती राहता कामा नये’ अशी अट असेल, तर हीच पॉलिसी नापास होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, दुसऱ्या कायद्यानं ठेवणं भाग नसेल तर, हेतू संपल्यावर डेटा पुसण्याचं बंधन आहे. तेव्हा टेस्ट केस लिहिण्याआधी प्रॉडक्टच्या माणसाला विचारून घ्या: आपली मर्यादा ‘किमान’ची आहे की ‘कमाल’ची? ते ठरल्याशिवाय टेस्ट केसमध्ये काय अपेक्षित आहे हे लिहिताच येणार नाही.

चाचणीची जागा तयार करणं

स्वतःच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये एका नोडचं, म्हणजे एकाच सर्व्हरचं, क्लस्टर पुरतं. इलॅस्टिकच्या साइटवर ‘स्टार्ट-लोकल’ नावाची स्क्रिप्ट आहे, तिनं इलॅस्टिकसर्च ९२०० पोर्टवर आणि किबाना ५६०१ वर उभं राहतं. सोबत एक महिन्याचं ट्रायल लायसन्स येतं. हॉट, वॉर्म आणि डिलीट तपासायला फुकटचं बेसिकही चालतं. सर्चेबल स्नॅपशॉट (ज्यात थेट शोधता येतं असा बॅकअप) आणि त्यावर उभा असलेला फ्रोझन टप्पा मात्र एंटरप्राइझ लायसन्सचा, त्यामुळे तो भाग तपासायचा असेल तर महिना संपायच्या आत उरकून घ्या.

आता दोन बदल. किबानातल्या डेव्ह टूल्सच्या कन्सोलमध्ये (इथून इलॅस्टिकसर्चला थेट विनंत्या पाठवता येतात) जाऊन ‘इंडिसेस.लाइफसायकल.पोल_इंटरव्हल’, म्हणजे आयएलएमच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ही क्लस्टर सेटिंग १० सेकंदांवर आणा. ही फक्त चाचणीपुरती. प्रॉडक्शनवर किंवा टीमच्या सामायिक क्लस्टरवर, कोणाला न सांगता, तिला हात लावू नका.

दुसरा बदल रेप्लिकाचा, म्हणजे डेटाच्या जादा प्रतीचा. इंडेक्सला मुळात एक रेप्लिका असते, आणि एकाच नोडवर मूळ शार्ड (इंडेक्सचा तुकडा, यालाच प्रायमरी शार्ड म्हणतात) व त्याची प्रत एकत्र राहू शकत नाहीत. इंडेक्सची प्रकृती पिवळी दिसते, एवढंच तुम्हाला वाटेल. पण वॉर्ममध्ये गेल्यावर आयएलएम ‘चेक-मायग्रेशन’ या पायरीवर सगळ्या प्रती जागेवर येण्याची वाट पाहतं, आणि ती प्रत कधीच येणार नसते. इंडेक्स तिथेच अडकून राहतो, लाल अक्षरात एररही येत नाही. मी स्वतः या एका गोष्टीवर अर्धा दिवस घालवला आहे. टेम्प्लेटमध्येच रेप्लिकांची संख्या ० लिहून टाका.

पॉलिसीचा फॉर्म

स्टॅक मॅनेजमेंटमध्ये ‘इंडेक्स लाइफसायकल पॉलिसीज’ उघडा आणि नवी पॉलिसी करा. नाव ‘चाचणी-पॉलिसी’ धरू. हॉटमध्ये रोलओव्हरचे सुचवलेले आकडे आधीच भरलेले असतात: ३० दिवस किंवा प्रायमरी शार्ड ५० जीबी. ते सुचवलेले आकडे वापरण्याचा स्विच बंद करा आणि लिहा: जास्तीत जास्त ५ डॉक्युमेंट्स किंवा १ तास. वॉर्म चालू करून त्याला २ मिनिटं द्या. मग वॉर्मच्या खाली असलेला ‘कायम ठेवा’ हा पर्याय बदलून डेटा पुसण्याचा पर्याय निवडा आणि डिलीटला ६ मिनिटं द्या.

सेव्ह करण्याआधी फॉर्मशी थोडा खेळ करा. वॉर्मला ६ आणि डिलीटला २ मिनिटं देऊन बघा. नंतरचा टप्पा आधीच्याच्या अगोदर येत असेल तर फॉर्मनं अडवायला हवं. शून्य, उणे आकडा, रिकामी चौकट, नावात स्वल्पविराम किंवा मोकळी जागा, सुरुवातीला अधोरेखा, हे सगळं घालून बघा. वरची टाइमलाइन तुमच्या आकड्यांप्रमाणे बदलते का? ‘शो रिक्वेस्ट’ दाबल्यावर जी विनंती दिसते तिच्यात तुम्ही भरलेलंच आहे का? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पडद्यावर ‘मिनिटं’ आणि आत ‘दिवस’ अशी गफलत झाली तर ती इथेच पकडता येते.

टेम्प्लेट, डेटा स्ट्रीम, डॉक्युमेंट्स

इंडेक्स मॅनेजमेंटमध्ये टेम्प्लेट करा. पॅटर्न ‘चाचणी-लॉग*’, डेटा स्ट्रीमचा (एका नावाखाली चालणाऱ्या इंडेक्सच्या मालिकेचा) स्विच चालू, सेटिंग्जमध्ये ‘इंडेक्स.लाइफसायकल.नेम’ला तुमच्या पॉलिसीचं नाव आणि रेप्लिका ०. डेटा स्ट्रीमचं नाव ‘लॉग्ज-’नं सुरू करू नका, त्या नावाच्या स्ट्रीम्ससाठी इलॅस्टिकसर्चचं स्वतःचं टेम्प्लेट असतं आणि तुम्ही नकळत त्याचीच चाचणी घेत बसाल.

मग कन्सोलमधून टाइमस्टॅम्पसकट एक डॉक्युमेंट पाठवा. डेटा स्ट्रीम आपोआप तयार होते आणि तिच्या पोटात पहिला इंडेक्स बनतो. तो यादीत दिसत नसेल तर ‘लपवलेले इंडेक्स दाखवा’ हा स्विच चालू करा. त्याच्या नावात डेटा स्ट्रीमचं नाव, तारीख आणि शेवटी ०००००१ असं असतं.

या तारखेबद्दल भारतात बसून काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नावातली तारीख यूटीसीप्रमाणे, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेप्रमाणे, असते. पहाटे साडेपाचच्या आत इंडेक्स तयार झाला तर त्यावर कालची तारीख पडते. किबाना मात्र पडद्यावरच्या वेळा ब्राउझरच्या टाइमझोनमध्ये, म्हणजे आपल्या भारतीय वेळेत दाखवतं. रात्रपाळीला काम करणाऱ्या एका नव्या सहकाऱ्यानं यावरून टिकीट उघडलं होतं. निरीक्षण त्याचं अगदी अचूक होतं, फक्त साडेपाच तासांचं कोडं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता बघत बसायचं

कागद-पेन घ्या, खरंच घ्या. पहिल्या डॉक्युमेंटनंतर मिनिटभर थांबा. इंडेक्स मॅनेजमेंटमध्ये ‘…०००००१’ उघडून लाइफसायकलचा टॅब बघा. टप्पा हॉट, क्रिया रोलओव्हर, आणि पायरी ‘चेक-रोलओव्हर-रेडी’ अशी असायला हवी. आता आणखी चार डॉक्युमेंट्स टाका आणि इंडेक्स एकदा रीफ्रेश करा. शेवटच्या रीफ्रेशनंतर आलेली डॉक्युमेंट्स रोलओव्हरच्या मोजणीत धरली जात नाहीत, म्हणून ही काळजी.

समजा पाचवं डॉक्युमेंट १०:०५ ला गेलं. पुढच्या फेरीला, १०:०५:१० च्या सुमारास, ‘…०००००२’ जन्माला येईल. पहिला इंडेक्स १०:०७ च्या पुढे काही सेकंदांनी वॉर्ममध्ये जाईल. आणि तो पुसला कधी जाईल? बरेच जण २ आणि ६ यांची बेरीज करून १०:१३ म्हणतात. बरोबर उत्तर १०:११ च्या पुढे काही सेकंद. प्रत्येक टप्प्याचं वय रोलओव्हरपासून मोजायचं, आधीच्या टप्प्यापासून नाही. टॅबवर दिसलेली वेळ आणि तुमच्या कागदावरची वेळ यांत पोल इंटरव्हलपेक्षा फार जास्त फरक पडला, तर तिथे खोदायला सुरुवात करा.

आता १२ डॉक्युमेंट्स एकाच बल्क विनंतीत टाका. ५, ५ आणि २ अशी वाटणी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. बाराच्या बारा एकाच इंडेक्समध्ये जातात आणि पुढच्या फेरीला तो रोलओव्हर होतो. आयएलएम पोती भरून वेगळी करत नाही. फेरीला आल्यावर पोतं भरलेलं दिसलं तर नवं उघडतं, इतकंच.

मग डॉक्युमेंट्स टाकणं थांबवा आणि तासाभरानं परत या. शेवटचा इंडेक्स हॉटमध्येच असेल, १ तासाची अट पूर्ण होऊनही. तो रिकामा असतो, आणि रिकामा इंडेक्स आयएलएम रोलओव्हर करत नाही. हे मुद्दाम असंच ठेवलं आहे, नाहीतर शांत पडलेल्या स्ट्रीममध्ये रिकाम्या इंडेक्सची रांग लागली असती. त्यात एकच डॉक्युमेंट टाकून बघा, म्हणजे तो लगेच पुढे सरकेल.

इंडेक्स पुसला गेल्यावर त्याचा टॅबही जातो, मग पुरावा कुठून आणायचा? आयएलएम आपल्या हालचाली ‘आयएलएम-हिस्टरी’ या वेगळ्या डेटा स्ट्रीममध्ये नोंदवतं. तिथे इंडेक्सच्या नावानं शोधा आणि सापडलेली नोंद टेस्ट रिपोर्टला जोडा. ‘यादीत दिसला नाही’ यापेक्षा ‘अमुक वेळी डिलीट पायरी यशस्वी झाली’ हा पुरावा कितीतरी भक्कम.

मुद्दाम मोडून बघा

सगळं सुरळीत चाललं तेव्हा पडदा काय दाखवतो ते कळलं. बिघडल्यावर काय दाखवतो ते कळणं जास्त मोलाचं, कारण मध्यरात्री ऑपरेशन्सच्या माणसासमोर तोच पडदा असतो.

डेटा स्ट्रीमशिवाय, ‘मोडका-०००००१’ नावाचा साधा इंडेक्स करा. त्यावर ‘मॅनेज इंडेक्स’मधून लाइफसायकल पॉलिसी जोडायचा प्रयत्न करा आणि आपली रोलओव्हरवाली पॉलिसी निवडा. या इंडेक्सला अलायस (इंडेक्सकडे नेणारं दुसरं नाव) नाही आणि रोलओव्हरला तो लागतो, असं किबानानं सांगायला हवं. ही पहिली तपासणी. मग तीच पॉलिसी कन्सोलमधून सेटिंग बदलून जबरदस्तीनं लावा. काही सेकंदांत इंडेक्स एररमध्ये जाईल आणि रोलओव्हर अलायसची सेटिंग रिकामी आहे किंवा दिलेलीच नाही, असं कारण दिसेल.

आता यादीवर या. लाइफसायकलच्या चुका असलेल्या इंडेक्सची पट्टी वर आली का? तिच्यावरून फिल्टर केल्यावर नेमका हाच इंडेक्स उरतो का? लाइफसायकलच्या टॅबमध्ये अडलेली पायरी आणि कारण माणसाला समजेल अशा शब्दांत आहे का? काही पायऱ्या आयएलएम आपणहून पुन्हा करून बघतं, ही त्यातलीच एक. कन्सोलमध्ये लाइफसायकलचा ‘एक्स्प्लेन’ (इंडेक्स कोणत्या पायरीवर आहे ते सांगणारी विनंती) चालवला तर प्रयत्नांची संख्या वाढताना दिसेल.

मग दुरुस्ती करा. इंडेक्सला अलायस द्या, त्यावर लिहिण्याचा इंडेक्स हाच असं सांगा, रोलओव्हर अलायसची सेटिंग भरा, आणि ‘मॅनेज इंडेक्स’मधून लाइफसायकलची पायरी पुन्हा करायला लावा. एरर जाऊन इंडेक्स ‘चेक-रोलओव्हर-रेडी’वर परत यायला हवा आणि पट्टीही नाहीशी व्हायला हवी. पान ताजं न करता जाते की करावं लागतं, तेही लिहून ठेवा.

चालू गाडीत पॉलिसी बदलणं

खऱ्या जगात पॉलिसी एकदा लिहून कोणी सोडून देत नाही. एखादा इंडेक्स वॉर्ममध्ये असताना डिलीटचे ६ मिनिटं बदलून २० करा. तो अजून डिलीटमध्ये गेलेला नाही, म्हणून त्याला नवा आकडा लागायला हवा. मग दुसरा प्रयोग: इंडेक्स वॉर्ममध्ये गेल्यावर वॉर्मचेच २ मिनिटं बदलून १५ करा. तो परत हॉटमध्ये येणार नाही. या रस्त्यावर आयएलएम कोणालाही मागे पाठवत नाही. प्रत्येक इंडेक्स चालू टप्प्याची व्याख्या स्वतःजवळ बाळगून असतो, आणि टॅबमध्ये ती उघडून बघता येते. पॉलिसीच्या पानावर एक आकडा आणि इंडेक्सच्या व्याख्येत दुसरा दिसला तर आधी त्या दोघांच्या आवृत्तीचा क्रमांक जुळवा, मग टिकीट उघडा.

आणि माझ्या त्या जुन्या चुकीसाठी एक टेस्ट केस कायमची ठेवा: आधी पॉलिसीशिवाय टेम्प्लेट, त्यावर डेटा स्ट्रीम, मग टेम्प्लेटमध्ये पॉलिसी, आणि शेवटी कन्सोलमधून हातानं रोलओव्हर. जुना इंडेक्स पॉलिसीशिवाय राहतो, रोलओव्हरनंतरचा नवा पॉलिसीसकट येतो. हे प्रॉडक्टच्या माणसाला स्क्रीनवर दाखवा.

डेटा स्ट्रीमचं स्वतःचं लाइफसायकल

८.१४ पासून दुसरी, सोपी सोयही पक्की झाली आहे. त्यात टप्पे नाहीत; डेटा स्ट्रीमच्या पानावर ‘डेटा रिटेन्शन’ म्हणून किती दिवस ठेवायचं ते सांगायचं, एवढंच. हिची फेरी आयएलएमहून वेगळी, मुळात ५ मिनिटांची, आणि तिची सेटिंगही वेगळी. इथेही मुदत रोलओव्हरपासून मोजतात. एकाच डेटा स्ट्रीमला दोन्ही लावून बघा: वेगळं काही सांगितलं नसेल तर आयएलएमचं चालतं. पडद्यानं हे वापरणाऱ्याला कळू दिलं पाहिजे. ७ दिवस लिहिलेत आणि प्रत्यक्षात ९० दिवस लागू आहेत, असं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

हक्कांची तपासणी थोडक्यात: पॉलिसी फक्त वाचायचा हक्क असलेला एक वापरकर्ता बनवून त्याच्या नावानं लॉगिन करा. बदलायची, पुसायची बटणं त्याला मिळता कामा नयेत, आणि कुठून मिळालीच तर सर्व्हरनं नकार द्यायला हवा.

टिकीट आणि आवराआवर

टिकिटात आवृत्ती, पोल इंटरव्हल, नोडची संख्या, रेप्लिका, पॉलिसीची पूर्ण विनंती, आणि एक्स्प्लेनमधला टप्पा, क्रिया व पायरी लिहा. वेळ लिहिताना यूटीसी की भारतीय ते नेहमी सांगा. ‘इंडेक्स हलला नाही’ एवढ्यावर डेव्हलपर काही करू शकत नाही. ‘रोलओव्हर १०:०५:१०, वॉर्म अपेक्षित १०:०७:२० पर्यंत, १०:१५ ला अजून हॉट, पायरी अमुक’ यावर तो लगेच कामाला लागतो.

शेवटी पॉलिसी पुसायचा प्रयत्न आधी करा. ती वापरात असताना किबानानं पुसू देता कामा नये, आणि ही शेवटची टेस्ट केस. मग डेटा स्ट्रीम पुसा, टेम्प्लेट पुसा, ‘मोडका-०००००१’ आणि रोलओव्हरनं त्याला भाऊ दिला असेल तर तोही पुसा. आता पॉलिसी जाईल. आणि पोल इंटरव्हलची सेटिंग ‘नल’ करून मूळ १० मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे उद्या याच क्लस्टरवर बसणाऱ्याला त्याची वेळ बरोबर मोजता येईल.